आवक क्रमांक

पंचायतीच्या समोर माझं दुकान:
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन,
उन्हाळ्यात कोकमाचं सरबत.
बावीस वर्षं लोकांचे अर्ज टाईप करतोय.
'माननीय महोदय' बोटांना पाठ,
'आपला विश्वासू' डोळे मिटूनही उमटतं.

अर्ज कसले, तेही सांगतो.
पोराला वीजखात्यात चिकटवा.
शेजाऱ्याचा माड आमच्या कौलांवर वाकलाय.
लग्नाला अगत्य येणे, सोबत नारळ.
बांधाबद्दल एकही कागद
माझ्या यंत्रातून बाहेर आला नाही.

बांध म्हणजे खालच्या वाड्याचा,
शापोऱ्याचं पाणी खाजनाबाहेर थोपवणारा.
त्यात एक मानस: लाकडी फळ्यांचं दार.
भरतीला आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
आपसूक, असं आम्ही म्हणायचो.
सगुण तारी होता तोवर
दोन्ही भरत्यांना जाऊन यायचा, रात्री कंदील घेऊन,
फळीत अडकलेली काटकी, नारळाची शेंडी,
एकदा तर कुणाची चप्पल काढायला.
"मानशीक दार आसा," म्हणायचा,
"पूण दाराक डोळे नासत."
आम्ही हसायचो.
तो गेला. कंदील खुंटीवर राहिला.

भाद्रपदातल्या अमावास्येला पाणी आत शिरलं.
कोरगुट भातालाही सोसवेना
इतकं खारं.

सकाळी दुकानात गर्दी.
"पंच झोपलाय काय?" "मतं दिली ती कशाला?"
मीही तावातावानं मान हलवली.
कोन्सेसांव फर्नांडिस रेशनकार्डाच्या झेरॉक्सला आली होती.
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली,
"तू कधी सांगितलंस त्याला?"
"त्याला ठाऊक नको?"
"त्याचं घर डोंगराकडे, बाबा.
पाणी चढतं ते तुझ्या अंगणातून दिसतं."

रविवारी ग्रामसभेला गेलो.
घरी बांगड्याचं हुमण निवत होतं.
गणसंख्या भरेना, सभा अर्धा तास तहकूब.
मग होतो तेवढ्यांत सुरू: नऊ माणसं,
त्यातली दोन पंख्याखाली बसायला आलेली.
हळर्णकर पंच उठले.
"पाच वर्षांत तुम्ही मला
एकशेचाळीस लग्नांना बोलावलंत.
मानशीवर एकदाही नाही."

राग आला.
आणि यायलाच हवा होता, कारण
दुरुस्तीचे पैसे दोनदा येऊन परत गेलेले,
त्यांनी सांगितलं नाही म्हणून,
आम्ही विचारलं नाही म्हणून.
मध्ये काटकी अडकलेली.
ती काढायची कुणी,
यावर बोलता बोलता सभा संपली.

रात्री शटर अर्धं ओढून
मी एक अर्ज टाईप करायला घेतला.
'माननीय महोदय' झालं,
पुढचं बोटांना माहीत नव्हतं.
फळ्या किती, कुजल्या किती,
मोजायला उठून जावं लागलं
मोबाइलच्या उजेडात, चिखलातून.
अकरापैकी चार कुजलेल्या. पाचवी मी ढकलून पाहिली,
तिनं अजून धरून ठेवलं होतं.
परत येऊन तेच लिहिलं, साध्या शब्दांत.
खाली माझं नाव.
इतक्या नावांनंतर माझंच मला
दुसऱ्या कुणाचं वाटलं.

सोमवारी शिक्का बसला. आवक क्रमांक ४१.
"उत्तर येईल," कारकून म्हणाला.
म्हटलं, "पौर्णिमेला विचारायला येतो.
मग अमावास्येला."
त्यानं पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

दुकानात येऊन हिशेबाची वही उघडली.
टायपिंग, एक पान.
पैसे कुणाकडून घ्यायचे सुचेना.
रकाना तसाच ठेवला.